मानसिंगची नक्कल

मोडनिंबच्या धोंडीरामाचा मानसिंग पहिल्यांदा लुगडं नेसून रंगमंचावर आला, तेव्हा सोलापूरच्या त्या पत्र्याच्या थिएटरात असा हशा पिकला की पेटीवाल्याला सूर सापडेना. गळा गोड होता, अंगकाठी शेलाटी होती, तोंडावर रंग चढवला की चेहरा देखणा दिसायचा. पण चाल? पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरं, राणीसाहेब बांधावरनं चालल्या जणू! बैल कुटं सुटलाय का काय?"

त्या दिवशी आतल्या खोलीत तोंडावरची सफेदी पुसता पुसता मानसिंग रडला. दिवसभर सुताच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळायची आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. बायको सारजाबाई सोडली तर घरचं कुणी त्याच्याशी नाटकाचा शब्द काढत नसे. बाप तर म्हणायचा, "नाव मानसिंग ठेवलं, आन् प्वार लुगडं नेसतंय." नाटक सोडून द्यावं असं त्याच्या मनात घोळत होतं, तोच पौषात गड्ड्याची जत्रा भरली आणि तिथं त्यानं अंबुबाईला पाहिलं.

अंबुबाई अक्कलकोटाकडची. आई कलावंतीण, आजीही कलावंतीण. हिनं मात्र ती वाट सोडली होती. सोलापुरात येऊन ती गिरणीच्या रिळखात्यात कामाला लागली होती आणि गाणं फक्त जत्रेपुरतं, लग्नाकार्यापुरतं ठेवलं होतं. जत्रेत एका मांडवात ती कानडी गाणं म्हणत होती. मानसिंगला कानडीचं अक्षर कळत नव्हतं, तरी आजूबाजूच्या बायांबरोबर त्याचेही डोळे भरून आले. गाणं संपल्यावर ती उठून पाणी प्यायला गेली. मानसिंग तिचं चालणं बघत राहिला.

पुढच्या रविवारी दुपारी तो तुळजापूर वेशीपलीकडचं तिचं घर शोधत गेला, तोंडावर उपरणं घेऊन.

"मला बाई व्हायला शिकवा," तो म्हणाला.

अंबुबाई तांदूळ निवडत होती. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खळखळून हसली. "अय्यो! बाई व्हायला शिकायचं आसतंय का अप्पा? आमी तर सुटायचं कसं ते शिकतोय."

पण तिनं शिकवलं. वर्षभर, रविवारी दुपारी. ती म्हणायची, "पदर सारखा सावरू नको. खरी बाई कामात आसली की पदराला विसरती. आठवला की मग दचकून सावरती. ते दचकणं दाव मला." ती म्हणायची, "लाजताना मान खाली घालतोस ते ठीक, पण डोळं? डोळं आधी बघून घेतात कोण आलंय, मग खाली जातात." मानसिंग तिच्या मातीच्या भुईवर येरझाऱ्या घालायचा. चुकला की ती तांदळाची मूठ फेकून मारायची, आणि दोघं हसायची.

एकदा तिनं विचारलं, "दुःखाची बातमी आली तर काय करशील?"

मानसिंगनं छाती बडवून दाखवली.

"तसं न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. "बाई चुलीपासनं उठून आलेली आसती. हात वले आसतात. बातमी आली तरी ती आधी हात पुसती. पदरानं, सावकाश, एकेक बोट पुसती. हात कोरडं झालं की मग तिला करायला काई राहत न्हाई. तवा रडती."

तिनं करून दाखवलं. मानसिंग तिच्यासमोर खाली बसला. "हे तुमी कुटं बघितलं?"

"माजा भाऊ गेल्याचा निरोप आला तवा. आईनं आसंच केलं हुतं."

हात पुसण्याचा तो खेळ मानसिंगनं आपलासा केला. पण पहिल्याच दिवशी त्यानं तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. "मी हितं येतो हे कुणाला कळू द्यायचं न्हाय. कलावंतिणीच्या घरी जातो म्हणून माझ्या माणसांत बभ्रा व्हईल. यल्लम्माची आण घ्या."

अंबुबाईनं आण घेतली. म्हणाली, "तुला चालायला शिकवलं म्हणून माजं चालणं कमी होत न्हाई. मी कशाला सांगू?"

सोलापुरात मार्शल लॉ लागला, उठला, थिएटरं पुन्हा उघडली, आणि तोवर मानसिंगचं नाव गावभर झालं होतं. पुत्रशोकाच्या प्रवेशात राणी पदरानं एकेक बोट पुसू लागली की थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येई. घरोघरच्या बाया म्हणू लागल्या, "मानसिंग हात पुसतो तसं आपल्याला तरी जमंल का?" त्यानं रविवारचं जाणं बंद केलं. आधी तालमी वाढल्या म्हणून, मग ओळखीचं कुणी बघेल म्हणून, आणि नंतर कारण शोधायचीही गरज उरली नाही.

बत्तीस साली गावातल्या हौशी मंडळींच्या एका क्लबानं नाट्यस्पर्धा जाहीर केली. उत्तम नटाला एक पदक आणि उत्तम स्त्रीभूमिकेला एक पदक. क्लबाचे अध्यक्ष तात्यासाहेब वकील. जुन्या नाटकांचे शौकीन, बोलण्यात गोड आणि मताला घट्ट. स्त्रीभूमिकेचं पदक मानसिंगचंच, असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात गिरणी कामगारांच्या मंडळीनं नाव दिलं आणि त्यांच्या नाटकातली नायिका खरीखुरी बाई असणार, असं गावात पसरलं.

ती बाई म्हणजे अंबुबाई.

गिरणीवाल्यांच्या मंडळीचा म्होरक्या कल्लप्पा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम. त्याच्या नाटकात कोष्टीकाम करणारे तेलंगी होते, दोन मुसलमान होते, एक धनगर होता. घरी प्रत्येकाची भाषा वेगळी, पण नाटक मराठी. लोक तिकिटं काढून गेले ते हसायलाच. मानसिंग तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्या मंडळीचा प्रयोग आदल्या दिवशी दणक्यात झाला होता.

पहिल्या अंकात लोक हसले. शिपाई झालेल्या कोष्ट्याचा एक उच्चार घसरला, त्यावर शिट्ट्या झाल्या. अंबुबाई आली तेव्हाही कुणी खाकरलं, कुणी चुटक्या वाजवल्या. ती तिकडे लक्ष न देता अंगण झाडत राहिली. खरोखर झाडत राहिली, जणू ते तिचंच अंगण होतं आणि समोर माणसं नव्हतीच. हळूहळू चुटक्या थांबल्या. तिसऱ्या अंकात तिच्या शिपाई नवऱ्याची पगडी घेऊन मरणाचा सांगावा आला, तेव्हा ती पाण्याच्या घागरीपासून उठली, पगडीकडे पाहिलं आणि पदरानं हात पुसू लागली.

मानसिंगला वाटलं, आपल्या अंगावरचं कुणी पांघरूण ओढून घेतलं. तो जे करत आला होता ते किती उथळ होतं, हे त्याला त्या क्षणी दिसलं. त्याची राणी लोकांनी बघावं म्हणून हात पुसायची. ही बाई हात पुसत होती कारण पुसून झाल्यावर जे येणार होतं, त्याला तिला तोंड द्यायचं नव्हतं. तिच्या दोन बोटांवर रिळाच्या दोऱ्यानं पडलेल्या चिरा होत्या. त्यांच्यापाशी पदर अडखळत होता.

आणि मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, ही तर मानसिंगची नक्कल!"

हशा पिकला. अंबुबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं उरलेली बोटं पुसली आणि प्रवेश पुरा केला. शेवटी टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या, पण पदरमोड करून आलेल्या गिरणीवाल्यांच्या. पुढच्या खुर्च्या गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाच्या खोलीत परीक्षक जमले. तात्यासाहेब, एक वयस्क हेडमास्तर आणि एक कापड व्यापारी. मानसिंगला बोलावलं होतं. कल्लप्पा आणि अंबुबाईलाही बोलावलं होतं. मानसिंगला खुर्ची मिळाली. ती दोघं दाराशी उभी होती.

"खरं सांगायचं तर काल माझे डोळे ओले झाले," हेडमास्तर म्हणाले.

"होतील," तात्यासाहेब हसून म्हणाले. "पण मास्तर, पदक कशाला द्यायचं? पुरुष स्त्री उभी करतो, त्यात कसब आहे. बाईनं बाई उभी केली, त्यात तिनं काय केलं? जे जन्मानंच मिळालं त्याचा सत्कार करायचा का? आणि दुसरं म्हणजे, तो हात पुसण्याचा खेळ. तो तर सरळसरळ उचललेला आहे."

कल्लप्पाला राहवलं नाही. "साहेब, दोन्ही कसं म्हनता? बाई हाय म्हणून तिला कसब लागत न्हाई म्हनता, आन् बाईगत वागायचं ती गड्याकडनं चोरून शिकली म्हनता. एक कायतरी ठरवा की!"

हेडमास्तरांच्या ओठांवर हसू आलं. तात्यासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. "वाद कशाला? मूळ मालक इथंच बसलाय. मानसिंगराव, तो खेळ तुमचाच ना? या बाईच्या आधीपासून तुम्ही तो करता ना?"

मानसिंगनं अंबुबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. रागानं नव्हे. वाट बघत होती. त्यानंच मोकळं करावं म्हणून. आण तिनं घेतली होती, ती सोडवायची तर त्यानंच.

मानसिंगच्या डोळ्यांसमोरून मोडनिंबची वेस गेली, बाप गेला, सारजाबाई गेली.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला, "मी तसं करतो. सगळ्या गावानं बघितलंय."

त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून निघालं.

अंबुबाईनं नजर काढून घेतली. "झालं का, साहेब?" तिनं विचारलं. "मग मी जाते. गिरणीत खाडा पडंल."

पदक मानसिंगला मिळालं. मोडनिंबला वाजतगाजत त्याची मिरवणूक निघाली. ज्या बापानं लुगड्याचं नाव काढू दिलं नव्हतं, त्यानं वेशीत उभं राहून पोराला फेटा बांधला. "पोरानं नाव काढलं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मानसिंगनं मान खाली घालून ते सगळं घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

इकडे अंबुबाईच्या नावाला ते शब्द चिकटले ते चिकटलेच. ती गिरणीतून सुटली की पोरं मागून ओरडायची, "आली, मानसिंगची नक्कल!" बाईच्या जन्माला येऊन एका गड्याची नक्कल ठरायचं, ही थट्टा गावाला फार आवडली. लग्नाकार्यात तिला गायला बोलावणाऱ्यांनीही पाय मागे घेतला. कल्लप्पाच्या मंडळीत कुरबुर सुरू झाली, आणि तिनं आपण होऊन मंडळी सोडली. दिवाळी उलटल्यावर ती सोलापूर सोडून गदगकडच्या एका कानडी नाटक कंपनीत गेल्याचं मानसिंगच्या कानावर आलं.

त्याला जेवण गोड लागेना. एकदा भाकरी मोडता मोडता त्यानं सारजाबाईला सगळं सांगून टाकलं. रविवारच्या दुपारा, आण, क्लबातली ती सकाळ. आता ही रडेल, भांडेल, असं त्याला वाटलं.

सारजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी तिच्या घरी जात हुता, त्याचं मला काय वाटायचं ते वाटंल, ते मी माझं बघीन," ती म्हणाली. "पर तितं तिच्या तोंडावर गप कसं बसलासा? तिनं तर तुमाला झाकलं हुतं की."

ते ऐकून तो उठला आणि तात्यासाहेबांकडे गेला. तात्यासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. चहा मागवला. "मानसिंगराव, निकाल लागून गेला. आता हे बोलून काय होणार? तुम्ही कलावंतिणीच्या घरी जात होतात, एवढंच लोकांच्या ध्यानात राहील. वडिलांचा विचार करा." मानसिंगनं वडिलांचा विचार केला. चहा पिऊन तो परत आला, आणि त्या चहाची त्याला पुढं कैक दिवस किळस येत राहिली.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या उद्‌घाटनाला मागच्या विजेत्यानं तो प्रसिद्ध प्रवेश करून दाखवावा, असं क्लबानं ठरवलं. मानसिंगनं लुगडं नेसलं, गजरा माळला. सांगावा आला. त्यानं पदर हातात धरला आणि हात तिथंच थांबला. पेटीवाल्यानं सूर पुन्हा धरला. लोकांना वाटलं, विसरला.

"हे माझं न्हाय," मानसिंग म्हणाला. राणीच्या आवाजात नाही, स्वतःच्या. "हे मला अंबुबाईनं शिकवलं. वर्षभर तिच्या घरी जाऊन मी शिकलो. नक्कल तिची न्हाय, माझी हाय. गेल्या साली मला ठावं हुतं, मी बोललो न्हाय."

कुणी तरी पडदा टाकला.

त्याला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल. थिएटराबाहेर पडेपर्यंतच त्याला कळलं की लोकांनी निराळंच काही ऐकलं आहे. "वर्षभर तिच्या घरी!" जो तो तेवढंच बोलत होता, डोळा मारून, कोपरखळी मारून. हेडमास्तर तेवढे जवळ येऊन म्हणाले, "उशीर केलात हो," आणि निघून गेले. पदकाबद्दल क्लबानं चकार शब्द काढला नाही. त्याची मंडळी त्याला कामाला बोलवेनाशी झाली. मोडनिंबहून बापानं निरोप धाडला की सणाला येऊ नकोस.

हे सगळं त्याला सोसलं असतं. सोसायलाच हवं, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं. फक्त एकदा तिला भेटून सांगायचं होतं की मी बोललो. उन्हाळ्यात कल्लप्पा दुकानात सूत न्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं, अंबुबाई आजारी आईला बघायला अक्कलकोटास आली होती, उद्या होटगीला गाडी बदलून गदगला परत जाणार आहे. सांगताना त्यानं मानसिंगकडे पाहिलं नाही.

होटगीच्या फलाटावर दुपारचं ऊन नुसतं तापत होतं. लिंबाच्या सावलीत अंबुबाई आपल्या बोचक्यावर बसली होती, शेजारी पेटीचा लाकडी डबा. ती थोडी वाळली होती, केसांत पांढरं दिसत होतं. त्याला पाहून ती उठली नाही.

"बाई, मी सांगितलं," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळ्यांम्होरं सांगितलं. खेळ तुमचा हाय म्हणून."

"आयकलं मी."

"माझं काम सुटलं. बानं घर बंद केलं. पर मी सांगितलं."

"तेबी आयकलं." तिनं रुळांकडे पाहिलं. "मानसिंगा, तू आधी गप बसलास तवा मला न विचारता बसलास. मग बोललास, तेबी न विचारता. आता आईच्या गल्लीत बाया काय म्हनतात ठावं हाय का? म्हनतात, त्या नटाची ठेवलेली हुती ही. मी ज्या वाटंवरनं पाय काढला, त्याच वाटंवर तू मला नेऊन बसवलंस. भर थिएटरात."

हे मानसिंगला सुचलंच नव्हतं. इतके महिने तो फक्त स्वतःच्या जिवाला काय टोचतंय तेवढंच बघत आला होता.

"मी... आता काय करू? सांगा, ते करतो."

"काई करू नको," ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "तितं बरं चाललंय माजं. कानडी माणसं हायत, माजी भाषा. तितल्या मालकानंबी पैल्यांदा म्हनलं, बाई कशाला, आमच्याकडं गडी हाय की. मग गाणं आयकलं आन् ठेवून घेतलं. लोक टाळ्या देतात. कोण कुणाची नक्कल, ते तितं कुणी इचारत न्हाई." मग बोचक्याची गाठ आवळत म्हणाली, "आई मातर ह्या खेपेला बोलली न्हाई माज्याशी."

गाडी आली. अंबुबाईनं बोचकं उचललं. पेटीचा डबा जड होता. मानसिंगनं तो आपल्या हातात घेतला आणि तिच्यामागून जाऊन बायकांच्या डब्यात ठेवला. तिनं ठेवू दिला. आतल्या एका म्हातारीनं विचारलं, "कोण गं हा?" अंबुबाईनं खिडकीपाशी बसत सांगितलं, "वळखीचा हाय," आणि लुगड्याचा काठ नीट केला.

गाडी हलली. मानसिंग खिडकीबरोबर चार पावलं चालला, मग थांबला. वळणावर धूर दिसेनासा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण इतकं बोललो, काम सुटल्याचं सांगितलं, घर सुटल्याचं सांगितलं, पण 'माझं चुकलं' एवढं काही तोंडातून निघालं नाही.

फलाटावर एक हमाल पाण्याची बादली भरत होता. सोलापूरची गाडी किती वाजता, असं मानसिंगनं त्याला विचारलं. संध्याकाळशिवाय नाही, असं त्यानं सांगितलं. मानसिंग उन्हात तसाच सोलापूरच्या दिशेनं चालत निघाला.